एका वर्षात पाच भाषा? आधी हिशेब मांडू

नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुला-मुलींच्या तोंडी अलीकडे एक नवा विषय ऐकू येतो. आमच्या पिढीने टायपिंगच्या परीक्षा दिल्या, आमच्या मागून आलेल्यांनी कॉम्प्युटरचे कोर्स केले. आता जर्मन, जपानी, फ्रेंच, कोरियन ही नावे बारामतीच्या वस्तीत आणि इंदापूरच्या एस.टी. स्टँडवरही कानी पडतात. याचा आम्हाला आनंदच आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेबाहेर बसून बाराखडी गिरवावी लागली, त्यांची नातवंडे जपानी अक्षरे गिरवतात, ही काही लहान गोष्ट नाही. पण या आनंदाबरोबर थोडी काळजीही वाटते आणि आज तीच वाचकांपुढे मांडायची आहे.

इंदापूर तालुक्यातील एक तरुण आमच्या परिचयाचा आहे. डिप्लोमा झालेला, बारामतीच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटावर कामाला. त्याने घराच्या भिंतीवर एक तक्ता चिकटवला आहे. जानेवारी ते डिसेंबर, भाषा पाच : जर्मन, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन. सकाळी एक, रात्री दुसरी, रविवारी तिसरी. त्याची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, पोरगं रात्री एक-दोन वाजेपर्यंत जागतंय. मशीनवर डुलकी लागली तर काय करायचं? तुम्हीच सांगा की त्याला काहीतरी." मुलाला विचारले तर तो म्हणाला, "काका, एक भाषा आली तर एकच दार उघडंल. पाच आल्या तर पाच दारं उघडतील."

मुलाची जिद्द खरी आहे. तिला नावे ठेवणे आमच्याकडून होणार नाही. पण आम्ही पडलो कारकून. कोणताही बेत पुढे आला की त्याचे जमा-खर्च मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून त्याच्याशेजारी बसून आम्ही कागद-पेन्सिल घेतली.

वर्षाचे दिवस ३६५. त्यातून ओव्हरटाइम, लग्नकार्य, आजारपण, जयंतीची धावपळ असे ६५ दिवस वजा केले. उरले ३००. कामावरून आल्यावर रोज दोन तास धरले, तर वर्षाचे ६०० तास झाले. पाच भाषांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला १२० तास आले.

आता १२० तासांत काय पदरी पडते ते पाहू. युरोपातल्या भाषांच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. जर्मन शिकवणारी गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्या पुण्यातले मॅक्सम्युलर भवन, ४५ मिनिटांच्या तासिकांत हिशेब देते. ए-१ साठी सुमारे ८० ते २००, बी-१ पर्यंत ३५० ते ६५० आणि बी-२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका लागतात. आपले १२० तास म्हणजे १६० तासिका. एवढ्यात माणूस ए-१ ला पोचतो. आपले नाव, गाव सांगणे, भाव विचारणे, वेळ सांगणे, एवढेच जमते. पण तेच ६०० तास एकाच भाषेला दिले, तर ८०० तासिका होतात. कागदावर ही बी-२ ची मजल झाली. प्रत्यक्षात बी-१ पक्की झाली तरी पुष्कळ समजावे.

जपानीचा मामला आणखी कठीण. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिथे इंग्रजी बोलणाऱ्याला फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन यांसाठी साधारण ६०० ते ७५० तास वर्गात बसवतात आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांसाठी सुमारे २२०० तास धरतात. त्या अधिकाऱ्यांना शिकण्याचा पगार मिळतो. आपल्या मुलाला पाळी संपवून शिकायचे आहे.

पण परीक्षेवाचून काय अडते, बोलता आले की झाले, असे कोणी म्हणेल. अडते ते इथेच. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२ लागते. जपानने २०१९ पासून कुशल कामगारांसाठी जो व्हिसा सुरू केला, त्याला जपानी भाषेची एन-४ ही पायरी किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. शिवाय त्या-त्या कामाची कौशल्य परीक्षा वेगळी. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याचाही पाया भाषाच आहे. या सगळ्या दारांवर पायरी विचारतात, भाषांची संख्या विचारत नाहीत. पाच भाषांची ए-१ प्रमाणपत्रे घेऊन गेलेल्या माणसासाठी एकही दार उघडत नाही आणि एका भाषेची बी-२ घेऊन गेलेल्याला निदान आत बसवून घेतात. एक ना धड, भाराभर चिंध्या, हे आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या.

मुलाने इटालियन का निवडली, हेही आम्ही विचारले. कारण सरळ होते. बारामतीत पियाजिओचा कारखाना आहे, फेरेरोचा चॉकलेटचा कारखाना आहे, दोन्ही कंपन्या मूळच्या इटलीच्या. रस्त्यावर धावणाऱ्या आपे रिक्षाचे नावही इटालियनच, त्याचा अर्थ मधमाशी. विचार चुकीचा नाही. पण यंत्रावरच्या कामाला आय.टी.आय.चा ट्रेड बघतात, डिप्लोमा बघतात. इटालियन येते म्हणून कोणाला कायम केले, असे निदान आमच्या कानावर आलेले नाही. शिवाय इटालियन आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. दोघी एकाच वेळी घरात आणल्या की गोंधळ ठरलेला. इटालियनमध्ये 'बुर्रो' म्हणजे लोणी आणि स्पॅनिशमध्ये 'बुर्रो' म्हणजे गाढव! पावाला काय लावायचे, हे कळेपर्यंत वर्ष संपायचे.

आपल्या भागातल्या माणसाला ही गोष्ट पाण्यावरून लवकर पटेल. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटते तेव्हा वरच्या फाट्यांवर पाणी वाटले जाते आणि इंदापूरकडच्या शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा जोर संपतो. पाणी तेवढेच, तोंडे जास्त. आपल्या दिवसातले दोन तास हेही असेच एक आवर्तन आहे. पाच फाटे फोडले तर एकही शेत भिजत नाही, नुसती वरची माती ओली होते. ती आठ दिवसांत वाळते. भाषाही वापरली नाही तर अशीच वाळते.

मोठ्या माणसांनी अनेक भाषा शिकल्या नाहीत का? शिकल्या. पण कशा शिकल्या, ते पाहावे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिली नाही म्हणून त्यांनी फारसी घेतली. संस्कृत पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र होतेच. भाषा किती? प्राथमिक फ्रेंचचा एक आणि प्राथमिक जर्मनचा एक. रोज तासन् तास वाचणाऱ्या त्या माणसाने भाषांच्या मागे धावत तीन वर्षे घालवली नाहीत. आपला विषय पक्का केला आणि त्याला लागतील तेवढ्या भाषा सोबत घेतल्या. पण जी घेतली ती सोडली नाही. १९२१ साली त्यांनी जर्मनीत शिकण्यासाठी अर्ज केला तो जर्मन भाषेत आणि १९२२ मध्ये बॉन विद्यापीठात नाव घातले. पुढे वाढत्या वयात पाली हाती घेतली. त्यांनी तयार केलेले पालीचे व्याकरण व शब्दकोश १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध झाले.

धर्मानंद कोसंबींचेही तसेच. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस, शालेय शिक्षण बेताचे. घर सोडून निघाला, पुण्यात आणि काशीत संस्कृत शिकला, मग १९०२ मध्ये लंकेत जाऊन सुमंगलाचार्यांपाशी पालीला बसला. पुढे हार्वर्डला जाऊन काम केले, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. एकेका भाषेसाठी एकेका गावी मुक्काम केला. भाषा अनेक झाल्या, पण त्या एकामागून एक झाल्या आणि आयुष्यभर होत राहिल्या.

मग आपल्या मुलाने कोणती एक निवडावी? इथे मराठी माणसाने थोडा धीर धरावा, कारण आपली भाषा आपल्याला फुकटची शिदोरी देते. जपानी वाक्य पाहा. 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु' म्हणजे 'मी पाणी पितो'. क्रियापद शेवटी, आपल्यासारखेच. 'पुण्याला जातो' याला 'पुणे नि इकिमासु'. आपला 'ला' जसा नावाच्या मागे, तसाच त्यांचा 'नि'. इंग्रजाला हे उलटे वाटते, आपल्याला सुलटे. जपानी अक्षरांचा क्रमही ऐका : आ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या बाराखडीची ओळख पटते ना? भारतीय लिपीचे शिक्षण बौद्ध भिक्खूंबरोबर तिकडे गेले, त्याचा हा ठसा आहे. अवघड आहेत ती कांजी, म्हणजे चित्राक्षरे. रोजच्या वापराची म्हणून जपान सरकारने ठरवलेलीच २१३६ आहेत. पण एन-४ पर्यंत साधारण ३०० ओळखू आली तरी भागते.

जर्मनचेही तसेच. तिथे तो, ती, ते अशी तीन लिंगे आहेत. इंग्रजीवरून येणारा यावर डोके धरून बसतो. आपल्याला निदान कल्पना तरी नवी नाही. जर्मनमध्ये मुलगी या शब्दाचे लिंग नपुंसक आहे. ऐकून हसू येते, पण आपण 'पोरगं', 'लेकरू' म्हणतोच की! 'तू' आणि 'तुम्ही' हा भेदही तिथे आहे. थोरामोठ्यांना कसे बोलावे, हे आपल्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.

आता एका वर्षाचा जो बेत आम्ही त्या मुलाबरोबर कागदावर उतरवला, तो इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून देत आहोत.

पहिला महिना चाखण्याचा. दोन-तीन भाषा कानावर घालाव्यात, एक पैसा खर्च करू नये. जर्मनीच्या डॉइचे वेले या संस्थेचा 'निकोस वेग' हा धडा मोबाईलवर फुकट आहे. जपान फाउंडेशनची 'इरोदोरी' ही पुस्तकेही फुकट मिळतात. महिनाअखेर एकच भाषा ठरवावी. ठरवताना आपले शिक्षण पाहावे. नर्सिंग झालेल्या मुलीला जर्मन किंवा जपानी, वेल्डर-फिटर मुलाला जिथे त्याच्या कामाला मागणी आहे ती. मैत्रिणीने घेतली म्हणून आपण घेऊ नये.

पुढचे दहा महिने त्याच भाषेचे. पाचव्या-सहाव्या महिन्यात पहिली परीक्षा द्यावी. जपानीची परीक्षा पुण्यात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. जर्मनची मॅक्सम्युलर भवनात देता येते. परीक्षेची फी हजारांत असते, म्हणून आधी घरी जुने पेपर सोडवून पाहावेत. दोघे-चौघे असतील तर आठवड्यातून दोनदा विहाराच्या अभ्यासिकेत एकत्र बसून मोठ्याने बोलावे. भाषा डोळ्यांनी वाचून येत नाही, जीभ वळावी लागते. शेवटचा महिना उजळणीचा. दुसरी भाषा पहिली बी-१ ला पोचल्यावर. तेव्हा ती निम्म्या कष्टात येते, कारण शिकायचे कसे ते माहीत झालेले असते.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायचा आहे. तीन महिन्यांत भाषा आणि वर्षात परदेशी नोकरी, अशा जाहिराती आता तालुक्यापर्यंत आल्या आहेत. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारचा परवाना असावा लागतो. नंबर मागावा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो पडताळून पाहावा. पावतीशिवाय रुपया देऊ नये, मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या हाती ठेवू नयेत. बचत गटाचे कर्ज काढून किंवा आईचे डोरले मोडून एकदम पाच कोर्सची फी भरणे, यासारखा तोट्याचा व्यवहार नाही.

त्या मुलाने भिंतीवरचा तक्ता अजून काढलेला नाही. फक्त चार भाषांवर रेघ मारली आहे आणि जर्मन ठेवली आहे. रात्री अकराला दिवा बंद होतो, असे त्याच्या आईने सांगितले.

आई-वडिलांना शेवटी एवढेच सांगणे. मूल रात्री परकी वाक्ये पुटपुटत बसले तर त्याला हसू नका. त्या दोन तासांत टी.व्ही.चा आवाज कमी ठेवा. मुलगी शिकत असेल तर तिच्या वाट्याची भांडी त्या वेळेपुरती भावाला घासू द्या. आणि वर्षाच्या शेवटी "किती भाषा झाल्या?" असे विचारू नका. "कितवी पायरी झाली?" असे विचारा.