यंत्राचा दुभाष्या

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास सिरोंच्याला बाजारांत तेलुगू कानीं पडते, भामरागडाकडे माडिया. नागपुराहून गेलेल्या पाहुण्यास तेथें दुभाष्या लागतो. चंद्रपुरास मात्र त्याचें मराठीवर भागतें. संगणकांत बसवावयाच्या कार्डाचेंही असेंच आहे. कार्ड व ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधील दुभाष्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. (मोटारवाल्याचें नांव त्यास कां दिलें, कोण जाणे!)

देसाईगंज-आरमोरीकडे भाताच्या गिरण्या आहेत. धर्मकांट्यावरील वजन सरळ संगणकांत उतरावें असा बेत एखाद्या घरीं निघतो, आणि विक्रेता म्हणतो, “यासाठीं खास ड्रायव्हर लिहवून घ्यावा लागेल.” धाकटे चिरंजीव हर्षभरित होतात, वडील मंडळी तिजोरीकडे पाहतात. आमचें म्हणणें, आधीं कार्डाची भाषा विचारावी.

पीसीआय कार्ड काय किंवा यूएसबी उपकरण काय, उत्पादकाच्या क्रमांकाबरोबर आपला वर्गही तें संगणकास सांगतें. वर्ग सर्वमान्य असला कीं दुभाष्या बहुधा घरांतच असतो. कळफलक जोडतांच चालतो तो यामुळेंच. धर्मकांटा पुष्कळदां आरएस-२३२ या १९६० सालच्या जुन्या पद्धतीनें वजनाचीं अक्षरें एकामागून एक पाठवितो. कार्डानें तीं साध्या सीरियल पोर्टावर आणून दिलीं म्हणजे कोणताही लहानसा प्रोग्राम तीं वाचूं शकतो. येथें हवा आहे तो वाचणारा प्रोग्राम, ड्रायव्हर नव्हे. आणि या दोहोंच्या किंमतींत फार अंतर असतें.

कार्डाची बोली एकाच कारखान्याची असेल, तें संगणकाच्या स्मृतींत स्वतः लिहीत असेल, किंवा सेकंदास हजारों वेळां त्याचें काम थांबवून हाक मारीत असेल, तर गोष्ट निराळी. तरीही उत्पादकाचा तयार ड्रायव्हर आहे काय, हें प्रथम पाहावें. लिनक्सवर तर २००७ पासून यूआयओची सोय आहे. थोडासा भाग गाभ्यांत ठेवून उरलेलें काम बाहेरच्या साध्या प्रोग्रामावर सोंपवितां येतें.

एवढी काटकसर कशाला, असें कोणी म्हणेल. गाभ्यांत चालणारा ड्रायव्हर चुकला तर सारें यंत्रच बसतें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइकच्या अशाच एका ड्रायव्हरानें सदोष फाइल वाचली आणि जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें कोलमडलीं. शिवाय सिस्टिमची नवी आवृत्ती आली कीं खास ड्रायव्हर पुन्हा तपासून घेणें आलेंच. ऐन हंगामांत दाराशीं भाताचे ट्रक उभे, आणि तो लिहिणारा तरुण पुण्यास नोकरीवर! खास ड्रायव्हर घ्यावयाचाच ठरला, तर त्याची मूळ संहिता कोणाच्या हातीं राहणार, हें विसार देण्यापूर्वीं लिहून घ्यावें.