सेन्सर हवेचा की इंजिनाचा?

मागच्या मे महिन्यात इंदूरहून मोटारसायकलवर महेश्वरला निघालो. आदल्या रात्री हौसेने गाडीला तापमानाचा सेन्सर लावला होता. जागा हेडलाइटच्या मागची, कारण तिथे वायर सहज पोचत होती. राऊजवळ गर्दीत अडकलो तर आकडा ५१! ‘थापा मारतोय’ म्हणून मी त्याच्याकडे बघणंच सोडलं. मानपूरचा घाट उतरून निमाडात शिरल्यावर ऊन खरंच वाढलं होतं. धामनोदला डोकं गरगरलं तेव्हा थांबलो. चहावाल्या काकांनी सावलीत बसवून पाणी पाजलं.

इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर, महेश्वर १५०च्या आसपास. एवढं उतरलं की दुपारची हवा तीन-चार अंशांनी जास्त गरम लागते. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून तापली की वारा गारवा देत नाही, काम घामावरच चालतं. म्हणून आकडा खरा हवा.

दोष सेन्सरचा नव्हता. डीएस१८बी२० हा स्वस्त सेन्सरही अर्ध्या अंशापर्यंत बरोबर सांगतो. मी त्याला दिव्याची धग मोजायला बसवलं होतं. आता तो हेडलाइटच्या खाली, इंजिन आणि रेडिएटरच्या पुढे आहे. समोरून वारा लागतो, चाकाचा चिखल उडत नाही. उन्हासाठी वर पांढऱ्या पाइपचा तुकडा, दोन्ही तोंडं उघडी. धातूला चिकटवू नका, मध्ये रबर ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचे शॉकअप दाबून वायर ताणली जात नाही ना, ते बघा. ब्रेकच्या केबलला ती बांधू नका.

गाडी उभी राहिली की इंजिनाची धग पुढेही येतेच. म्हणून प्रोग्राममध्ये एक अट घातली: वेग २०च्या खाली असेल तर आकडा वाढू द्यायचा नाही, कमी झाला तर दाखवायचा. पण हेडलाइटमागची जागा कुठल्याही कोडने सुधारली नसती.

तपासायचं असेल तर पहाटे, गाडी थंड असताना, घरातला थर्मामीटर शेजारी धरा. मग दहा मिनिटं चालवून पुन्हा बघा.

आता ४० दिसले की दर अर्ध्या तासाला सावली आणि पाणी. आईला तसं कबूल केलंय.