विश्लेषण : ट्रेकसाठी वेगळा ‘जीपीएस’ हवाच का? घेतला, तर त्यात काय पाहावे?

पावसाळा जवळ आला, की भटक्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक प्रश्न हमखास येतो. ‘हातात धरायचा जीपीएस घ्यायचाय, कोणता घेऊ?’ लगेच मॉडेलांची नावे आणि खरेदीच्या लिंक पडू लागतात. जाणार कुठे, किती दिवस आणि खिशातला फोन कुठे कमी पडला, हे मात्र कोणी विचारत नाही. माझे मत असे, की शनिवार-रविवारी मळलेल्या वाटेने गड चढणाऱ्या बहुतेकांना वेगळ्या यंत्राची गरज नाही. ज्यांना ती आहे, त्यांनी मोठ्या पडद्याला न भुलता बॅटरी, बटणे आणि होकायंत्र पाहावे. आणि यंत्र कोणतेही असो, आपला ठावठिकाणा दुसऱ्याला अचूक सांगायला प्रत्येकाने शिकावे.

हा नाद लागला कुठून?

अमेरिकेची जीपीएस यंत्रणा मुळात लष्करासाठी उभारलेली. सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जाई, त्यामुळे दाखवलेली जागा १०० मीटरपर्यंत चुकू शके. २ मे २००० रोजी ही भेसळ बंद झाली आणि चूक एकदम १०-२० मीटरच्या आसपास आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात एक बादली झाडीत ठेवली, त्यात काही वस्तू आणि नोंदवही टाकली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. ‘शोधा, काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा’ या खेळाला पुढे ‘जिओकॅशिंग’ हे नाव पडले. आज जगभरात अशा ३० लाखांहून अधिक डब्या लपवलेल्या आहेत. भारतात त्यांची संख्या तशी कमीच. आपल्याकडे कोणाला डबी ठेवायचीच असेल, तर खड्डा खणून पुरायची नाही, हा खेळाचाच नियम आहे. संरक्षित गडांवर तर दगडही हलवू नये.

या खेळातल्या जुन्या खेळाडूंकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ते यंत्र निवडतात ते शेवटच्या दहा मीटरसाठी. डबी सापडली नाही तर फक्त हिरमोड होतो. धुक्यात नाळेचे तोंड सापडले नाही, तर रात्र डोंगरात काढावी लागते.

रेंज नसेल तर फोनचा जीपीएस चालतो का?

चालतो. ‘रेंज नाही, म्हणून जीपीएस नाही’ हा मोठा गैरसमज आहे. फोनमधली चिप सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश थेट ऐकते. त्यासाठी टॉवर लागत नाही, डेटाही लागत नाही. रेंज गेल्यावर नाहीसा होतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. म्हणून त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्यावा. नेटवर्कची मदत नसताना पहिल्यांदा जागा सापडायला जास्त वेळ लागतो, तेव्हा उघड्यावर दोन-चार मिनिटे थांबावे. डोंगरात फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवला तरी जीपीएस चालू राहतो आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. एका दिवसाच्या ट्रेकला असा तयार केलेला फोन, पॉवर बँक आणि पाणी न शिरणारी पिशवी एवढे पुरते.

मग वेगळे यंत्र कोणी घ्यावे?

काही वर्षांपूर्वी जुलैत एका घाटवाटेने उतरताना माझ्या फोनवर नकाशा होता, बॅटरीही होती. पण पडद्यावर पावसाचे थेंब पडत होते आणि नकाशा आपोआप सरकत, फुगत, आकसत होता. बोटे ओली, रुमालही ओला. शेवटी छत्रीखाली बसून फोन पुसला तेव्हा कळले, की आम्ही वाट सोडून ढोरवाटेला लागलो होतो. वीस मिनिटांत मागे येता आले, कारण उजेड होता.

फोन कमी पडतो तो अशा ठिकाणी. आणखी एक कारण याहून मोठे आहे. मदतीला हाक मारायचे साधनही तोच फोन असतो. वाट दाखवता दाखवता त्याची बॅटरी संपली, तर पुढच्या टेकाडावर रेंज येऊनही उपयोग नाही. म्हणून गट घेऊन जाणारे, अनेक दिवसांची डोंगरयात्रा करणारे, मोडलेल्या घाटवाटा शोधणारे आणि हिमालयात जाणारे यांनी वेगळे यंत्र जरूर घ्यावे. विशेषतः पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांनी वीस जणांची जबाबदारी एका फोनवर टाकू नये.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट बॅटरी. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्राचे सेल अंधारातही मिनिटभरात बदलता येतात. ‘गार्मिन’च्या ‘ईट्रेक्स २२एक्स’ला कंपनी २५ तास देते, तर ‘ईट्रेक्स एसई’ला सुमारे १६८ तास. ‘जीपीएसमॅप ६७’ची बॅटरी आतली आहे, दावा १८० तासांचा. हे आकडे कंपनीचे आहेत. पडदा सतत उजळ ठेवला तर तेवढे तास मिळणार नाहीत. स्वस्त सेल लवकर बसतात आणि थंडीत लिथियमचे सेल जास्त टिकतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट बटणे. ओल्या हाताने किंवा हातमोजे घालून बटण दाबता येते. टचस्क्रीन दुकानात छान वाटते, पावसात ती नकोशी होते.

तिसरी गोष्ट होकायंत्र. ते आत नसेल तर यंत्राला दिशा कळते ती तुम्ही चालत असतानाच. उभे राहिलात की बाण भरकटतो. नेमके शेवटच्या दहा मीटरमध्ये आपण थांबून थांबून पाहत असतो. ‘२२एक्स’ आणि ‘३२एक्स’ दिसायला सारखी, पण होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा मापक ‘३२एक्स’मध्येच आहे. ‘एसई’मध्ये होकायंत्र आहे, पण यंत्रावर नकाशा नाही. फरक असा बारीक असतो, म्हणून नावापेक्षा माहितीपत्रक वाचावे.

चौथी गोष्ट संदेश पकडण्याची ताकद. खिंडीत किंवा कड्याखाली उपग्रहाचा संदेश कातळावर आपटून वळून येतो आणि यंत्र फसते. ‘मल्टी-बँड’ म्हणजे एकाहून अधिक वारंवारितांवर ऐकणारे यंत्र ही चूक बरीच कमी करते. ‘जीपीएसमॅप ६५’ आणि ‘६७’ या मालिकांत ती सोय आहे. उघड्या पठारांवर फिरणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ किंवा आपला ‘नाविक’ यांची नावे खोक्यावर असतील तर चांगलेच, पण निव्वळ नावांच्या यादीवर निर्णय घेऊ नये.

आणि नकाशे? महागडा नकाशा विकत घेण्याआधी ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले फुकट नकाशे टाकून पाहावेत. यंत्राचा सर्वात कामाचा गुण याहून साधा आहे. आपण आलो ती वाट नोंदवणे आणि तिच्यावरूनच परत नेणे. गाडीतून उतरताच ती नोंद सुरू करायची सवय लावावी.

बाण दाखवतो तीच वाट का?

नाही, आणि सह्याद्रीत हे विसरणे जिवावर बेतू शकते. डबी असो वा पाण्याचे टाके, यंत्र त्याकडे सरळ रेषेत बाण दाखवते आणि अंतरही सरळ रेषेतलेच सांगते. ‘३०० मीटर’ म्हणजे तीनशे पावले चालायचे, की मधला कडा वळसा घालून दोन तासांनी पोहोचायचे, हे बाणाला ठाऊक नसते. जीपीएसने सांगितलेली उंची आडव्या जागेपेक्षा अधिक चुकते. दाबमापक असेल तर पायथ्याच्या गावात ठाऊक असलेली उंची त्यात भरावी, कारण पावसाळी हवेत दाब बदलला की तोही चुकतो. पायाखाली मळलेली वाट आणि समोर गावकरी असेल, तर त्या दोघांचे आधी ऐकावे.

उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र आणले तर?

इथे सावध राहा. साधा जीपीएस फक्त ऐकतो. ‘इनरीच’सारखी यंत्रे मात्र उपग्रहामार्फत संदेश पाठवतात आणि भारतात त्यांना दूरसंचार विभागाची परवानगी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये असे यंत्र जवळ बाळगल्यामुळे परदेशी पर्यटक गोव्याच्या विमानतळावर अडचणीत आले होते. परदेशातल्या नातेवाइकांना ‘येताना एक घेऊन या’ सांगण्यापूर्वी मॉडेलचे पूर्ण नाव तपासा. ‘जीपीएसमॅप ६७’ आणि ‘६७आय’ यांत एका अक्षराचा फरक आहे, पण दुसऱ्यात हीच संदेशाची सोय आहे.

१६ किलोमीटरची चूक कशी होते?

सिंहगडाचे अक्षांश साधारण १८ अंश २२ मिनिटे आहेत. फोनवरचे नकाशे हेच १८.३६७ असे दशांशात लिहितात. जिओकॅशिंगमध्ये आणि हातातल्या यंत्रांवर सहसा अंश-मिनिटांची पद्धत असते. घाबरलेल्या माणसाने फोनवर ‘अठरा, बावीस’ सांगितले आणि ऐकणाऱ्याने १८.२२ लिहिले, तर बचाव पथक सुमारे १६ किलोमीटर दक्षिणेला जाईल. अंशाची ६० मिनिटे होतात, १०० नव्हे, एवढाच घोळ. म्हणून आकडा सांगताना ‘अंश’, ‘मिनिटे’, ‘दशांश’ हे शब्द उच्चारा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. गटातल्या सर्वांची यंत्रे निघण्यापूर्वी एकाच पद्धतीवर लावा.

खरेदीआधी एक ट्रेक असा करून पाहा. नकाशा उतरवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दिवसभर त्याच्याच भरवशावर चाला. तो कुठे अडला, ते लिहून ठेवा. अडला असेल, तर कोणते यंत्र घ्यायचे ते ही यादीच सांगेल. नसेल अडला, तर तेच पैसे चांगल्या बुटांवर आणि प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणावर घाला.