पहिली रायफल एका गोळीची

इकडे अमेरिकेत गणपतीच्या पंगतीत हल्ली एक नवा विषय निघतो: मुलाला नेमबाजीसाठी .२२ रायफल कोणती घ्यावी? बाबा मंडळी उत्तर ठरवूनच आलेली असतात. रुगर १०/२२! १९६४ पासूनची, सेमी-ऑटोमॅटिक, दहा गोळ्यांची. रायफल उत्तमच, पण शिकाऊ मुलाच्या हातात ती नको, असे माझे ठाम मत आहे. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चेंबरमध्ये येऊन बसते. नेम लागल्याच्या आनंदात पोरगं "बाबा!" म्हणून मागे वळलं, की भरलेली नळीही वळते. बोल्ट-ॲक्शन सिंगल-शॉटमध्ये दर गोळीला हात थांबतो आणि उघडा बोल्ट शेजारच्यालाही दिसतो.

"पण त्याला कंटाळा येईल हो!" अहो, २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक मिळवले ते .२२ मध्येच, एकेक गोळी भरून. अंतर ५० मीटर आणि दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, काबुली चण्याएवढे! तेव्हा अभिनंदनाचे मेसेज आपणच फिरवले ना?

सॅव्हेजची रास्कल मुलांच्याच मापाची आहे, स्वस्तही आहे. उरलेल्या पैशांत चष्मा, कानांचे मफ आणि कुलपाचे कपाट घ्या. किल्ली मात्र फ्रिजवर ठेवू नका.