कांदा आणि शेजारधर्म

आशियातील राजकारणाची झळ पुणे-नाशिक महामार्गावरील कळंबसारख्या गावाला कशी पोहोचते, हे मंचरच्या बाजारातील कांद्याचे भाव पाहिले की कळते. ढाक्याचा ग्राहक आणि दिल्लीची अधिसूचना हे दोघेही येथील शेतकऱ्याचे भवितव्य ठरवीत असतात.

बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा ग्राहक. सप्टेंबर २०१९मध्ये निर्यात एकाएकी थांबली. त्यानंतर दिल्लीस आलेल्या शेख हसीना यांनी, आपण आचाऱ्याला कांद्याविना स्वयंपाक करण्यास सांगितले आहे, असे हसत हसत ऐकवले. पूर्वसूचना द्यायला हवी होती, हा त्या विनोदामागील बोचरा अर्थ. तरीही सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. ऑगस्ट २०२३मध्ये लादलेले निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ रोजी पूर्णतः हटले. परंतु दरम्यान ढाक्याने पाकिस्तान, चीन, इजिप्त यांची दारे ठोठावली होती. ऑगस्ट २०२४मधील सत्तांतरानंतर तर तेथील वाराच फिरला.

शहरातील गृहिणीला कांदा रास्त भावात मिळावा, हे शासनाचे कर्तव्यच आहे. मात्र त्याचा सारा भार उत्पादकाने का वाहावा? सुगीत वेळेवर सरकारी खरेदी, साठवणुकीच्या उत्तम सोयी आणि निर्यातीचे हंगामापूर्वी जाहीर होणारे स्थिर धोरण, हाच यावरील उपाय होय. शुल्क एका आदेशाने हटते; गमावलेला विश्वास मात्र आदेशाने परत येत नाही. शेजारी राष्ट्रांत प्रभाव हवा असेल, तर आधी दिलेला शब्द पाळणारा पुरवठादार व्हावे लागेल.