मैदानाचे आरक्षण उठण्याआधी हरकत नोंदवा



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात एक जाहीर सूचना येते: स. नं. अमुक, आरक्षण क्र. अमुक, ‘बगीचा’, वगळून जमीन रहिवास विभागात समाविष्ट करणे. हरकती व सूचना एका महिन्यात. आपण पान उलटतो, महिना सरतो आणि आपल्या मुलांची बाग कायमची जाते.

विकास आराखड्यात दिसणारे मैदान, वाचनालय, नाट्यगृह आपल्याला मिळालेले नसते; त्यासाठी जागा फक्त राखून ठेवलेली असते. नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिका हलली नाही, की आरक्षण रद्द! रस्ते, पाणी, गटारे आधी हवीतच, याबद्दल वाद नाही. पण म्हणून मैदानाच्या संपादनाला दरवर्षी अंदाजपत्रकात पैसाच उरू नये, हे आम्हाला मान्य नाही.

जागा हातात असणे म्हणजे काय, हे कोल्हापूरला विचारा. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाशेजारी 1915 साली नाट्यगृह उभारले. ऑगस्ट 2024 मध्ये तेच केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. जीव तुटला, पण जागा शहराची होती, म्हणून त्याच ठिकाणी पुन्हा रंगमंच उभारण्याचा आग्रह कोल्हापूरकरांना धरता आला. तिथे टॉवर उभा असता तर मागायचे काय?

हरकतींनी काही होत नाही, असे कृपा करून म्हणू नका. मुंबईच्या 2015 च्या प्रारूप आराखड्यातील चुका लोकांनीच शोधल्या, हजारो हरकती गेल्या, आणि त्याच एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो आराखडा नव्याने करायला सांगावे लागले.

तेव्हा याच आठवड्यात पालिकेच्या नगररचना विभागात जा. आपल्या प्रभागाचा नकाशा मागा. मैदान, उद्यान, वाचनालय, नाट्यगृह यांची आरक्षणे कोणत्या सर्व्हे नंबरवर आहेत, किती जुनी आहेत, मालकाची नोटीस आली आहे का, हे लेखी विचारा. संपादनासाठी येत्या अंदाजपत्रकात तरतूद करा, असा अर्ज द्या. नगरसेवकालाही प्रत द्या. आरक्षण बदलाची सूचना निघाली असेल तर मुदतीत हरकत नोंदवा आणि सुनावणीला शेजाऱ्यांना घेऊन हजर राहा. अर्ज साध्या कागदावर, आपल्या शब्दांत चालेल. मात्र शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.