बाटली कोणाच्या हातातून येते ते बघा



मागच्या महिन्यात आमच्या पाड्यात लग्न होतं. पाड्यातला एक पोरगा मिल्ट्रीत आहे, तो सुट्टीवर आला होता. त्याने कॅन्टीनच्या रमच्या दोन बाटल्या आणल्या. बाटल्या मांडवात आल्या तशी सगळी पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. मोहाच्या मडक्याकडे कोणी बघेना. एक जण आम्हाला म्हणाला, "ही सरकारी दारू हाय. मिल्ट्रीवाले पितात नि देश राखतात. मग आम्ही प्यायलो तर संघटनेचं काय जातं?"

त्या रात्री आम्हाला उत्तर देता आलं नाही. नंतर आम्ही दहा-बारा जण बसलो. म्हाताऱ्यांना विचारलं, शिबिरात ऐकलेलं आठवलं, त्या मिल्ट्रीतल्या पोराशीही बोललो. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट त्या पोरानेच सांगितली. मिल्ट्रीत दारू मापात मिळते. लष्कराचा १९५० चा कायदा आहे, त्यात झिंगलेला सापडणं हाच गुन्हा आहे, मग ड्युटीवर असो की नसो. म्हणजे सरकार एका हाताने बाटली देतं आणि दुसऱ्या हातात दांडका ठेवतं. आपल्या पाड्यात दारू देणाऱ्याकडे माप नाही. जेवढी पिशील तेवढी देतो, वर उधारीवर देतो.

दुसरी गोष्ट. फौजांना दारू का देतात? लाड म्हणून नाही. थंडी, भीती, घरची आठवण, मरणाचं काम. माणूस शुद्धीवर राहून करणार नाही ते काम करून घ्यायचं असलं की नशा लागते. इंग्रजांच्या नौदलात खलाशांना रोज रम वाटायची, ती १९७० साली बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शिपायांना झोप येऊ नये म्हणून गोळ्या देत होते. आणि दारूने ऊब येते म्हणतात तेही खरं नाही. कातडी गरम लागते, पण अंगातली ऊब बाहेर निघून जाते.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली. अमेरिकेने व्हिएतनामच्या गरीब शेतकऱ्यांवर युद्ध लादलं. तिथे गेलेले हजारो अमेरिकन शिपाई हेरॉइनच्या नादी लागले. १९७१ साली तर घरी जाणाऱ्या प्रत्येक शिपायाची लघवी तपासायची पाळी त्या सरकारवर आली. पण पुढे काय झालं? गावी परतल्यावर त्यातल्या बहुतेकांची नशा सुटली. माणूस तोच होता. भीती गेली, बंदूक गेली, घर मिळालं, तशी नशाही गेली.

आता हे आपल्याला लावून बघा. साहेब म्हणतात, शेठ म्हणतात, कधी आपणच म्हणतो की आदिवासी जातच पिणारी, ते रक्तातच आहे. हे खोटं आहे. नशा रक्तात नसते. माणसाला ज्या कामाला जुंपलं, ज्या भीतीत ठेवलं, तिथे ती वाढते. वीटभट्टीवर बघा. दिवाळीनंतर बयाणा घेऊन जोडपी भट्टीवर जातात. रात्री दोन वाजता उठून चिखल तुडवतात. तिथे मुकादम संध्याकाळी दारू आणून देतो आणि आठवड्याच्या खर्चीतून कापून घेतो. पावसाला घरी येताना हिशेब केला तर अंगावर फिटलेलं काही नाही, उलट पुढच्या सालाचं देणं. हीच आपली पलटण, आणि हीच आपली रम.

आपले आजे-पणजे मोहाची दारू घरी काढत होते. देवाला धार सोडत, लग्नाला, मयताला पीत. ती विकत नव्हते. इंग्रजांनी १८७८ साली अबकारीचा कायदा केला आणि घरची भट्टी गुन्हा झाली. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच वेगळा कायदा आणला. आपल्या झाडाचं फूल घरात ठेवलं तर आपणच चोर! मग पीठं आली, पीठवाल्या शेठचं उधारीचं चोपडं आलं, आणि चोपड्यातल्या आकड्यापायी जमीन गेली. आज ज्यांच्या वाड्या बघता, त्यातल्या किती जमिनी अशा गेल्या ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा.

पण आपले लोक गप्प बसले नव्हते हेही लक्षात ठेवा. १९२२ साली आपल्याच पालघर-डहाणूच्या बाजूने देवीचं वारं उठलं. अंगात आलेली माणसं सांगत, देवी म्हणते दारू सोडा, ताडी सोडा, पीठवाल्या शेठच्या कामाला जाऊ नका. ते वारं डोंगर ओलांडून सुरतेच्या आदिवासींत गेलं, खानदेशात गेलं. कुठल्या पुढाऱ्याने सांगितलं नव्हतं. पुढे १९७२ नंतर शहाद्याकडे भिल बायकांनी गुत्त्यात शिरून मडकी फोडली. तिथेही झगडा जमिनीचा होता, आणि त्यातूनच बायका दारूवर उठल्या.

आणि सरकारचा न्याय बघा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यात मिल्ट्रीच्या मेसला आणि कॅन्टीनला सूट देण्याची सोय होती. ज्याच्याकडे पैसा त्याला परमिट. आपल्या बाईच्या घरात मडकं सापडलं की तिला तालुक्याला नेतात, आणि हायवेच्या धाब्यावर रात्रभर चालतं ते कोणाला दिसत नाही. म्हणून पोलिसांच्या धाडीने दारू जाईल अशी आशा आम्ही धरत नाही. धाडीने फक्त हप्ता वाढतो.

मग आता आम्ही हे का काढलं? कारण प्लॉटच्या पाहण्या चालू आहेत. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या पाड्यात पाहणी होती. आदल्या रात्री कोणीतरी ट्यूब भरून दारू पाठवली, फुकट. सकाळी पंच आले तेव्हा निम्मे गडी पडलेले. बायका बांधावर उभ्या होत्या, त्यांना कोणी विचारलं नाही. कागदावर लिहिलं, कसणारा हजर नाही. एकाने न वाचता अंगठा दिला. आपण आधीपासून कसतो याला दंडाच्या पावत्या नसल्या तर म्हाताऱ्यांची साक्ष हाच आपला पुरावा आहे. त्या म्हाताऱ्याच्या तोंडाला वास आला की साक्ष गेली. वीस वर्षं जेल खाऊन, मार खाऊन राखलेली जमीन एका ट्यूबमध्ये गेली. फुकटची दारू इतकी महाग असते.

आमचं म्हणणं असं आहे.

एक. पाहणीच्या आधी चार दिवस आणि पाहणी होईपर्यंत पाड्यात दारू येऊ द्यायची नाही. वाटेवर बायकांनी बसायचं, आणि पोरांनी त्यांच्यासोबत बसायचं. नुसतं बायकांवर टाकून आपण घरी झोपायचं नाही.

दोन. अंगठा द्यायच्या आधी कागद मोठ्याने वाचून घ्यायचा. वाचणारं पोरगं पाड्यातलंच पाहिजे.

तीन. २४ डिसेंबर १९९६ ला आपल्या अनुसूचित भागासाठी पंचायतीचा कायदा झाला. नशेची चीज विकायची की नाही, प्यायची की नाही, यावर बंदी घालण्याचा किंवा बंधन आणण्याचा अधिकार ग्रामसभेला असला पाहिजे असं त्यात लिहिलं आहे. तर पाड्याची सभा लावा, बाया-बाप्ये दोघांनी बसा आणि ठराव लिहा. गुत्ता बंद. देवाची धार चालेल, ती आपल्या मोहाची, आपल्या हाताची. तिचा धंदा नाही.

चार. जो पितो त्याला वाळीत टाकायचं नाही. तो आपला भाऊ आहे. त्याला मिटिंगला आणा, काम द्या, बयाणा फेडायला हात द्या. व्हिएतनामच्या शिपायाची घरी आल्यावर सुटली, तर आपल्या माणसाची त्याच्या स्वतःच्या जमिनीवर का सुटणार नाही?

हे लिहिताना आम्ही काही साधू झालेलो नाही. आमच्यातलेही काही त्या रात्री मांडवात प्यायले होते. म्हणूनच आधी स्वतःला सांगतो, मग तुम्हाला.

त्या मिल्ट्रीतल्या पोराने जाताना एक गोष्ट सांगितली. पहाऱ्यावर उभा असताना तो थेंबही घेत नाही. बरोबर आहे. आपणही पहाऱ्यावरच आहोत. जमीन नावावर होईपर्यंत आपली ड्युटी संपत नाही.